धिस लँड इज युवर लँड : एका चालीची रूपं आणि दर आठवड्याचं राजकीय विडंबन

चालकरी (मूळ धागा)

अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की आठवड्याला एक तरी गाणं 'धिस लँड इज युवर लँड'च्या चालीवर येतं. शब्द त्या आठवड्याच्या बातमीचे, चाल अमेरिकी लोकगायक वुडी गथ्रीच्या या गाण्याची. त्यावर हमखास तक्रार होते की एवढ्या चांगल्या देशभक्तिपर गाण्याची थट्टा का करता. ही तक्रार मला मान्य नाही. हे गाणंच मुळात दुसऱ्या गाण्याला दिलेलं उत्तर आहे.

अर्व्हिंग बर्लिनने 'गॉड ब्लेस अमेरिका' १९१८ साली लिहून बाजूला ठेवलं आणि १९३८ साली त्यावर पुन्हा हात फिरवला. केट स्मिथच्या आवाजात ते रेडिओवर सतत वाजू लागलं. मंदीत होरपळलेली माणसं डोळ्यांनी बघत फिरणाऱ्या गथ्रीला त्यातला गोडवा सहन होईना. २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या हॅनोव्हर हाउस या स्वस्त हॉटेलात त्याने सहा कडवी लिहिली. तेव्हा प्रत्येक कडव्याच्या शेवटी बर्लिनच्याच शब्दांना वळवून घेतलेली ओळ होती. आज आपण ऐकतो तो शेवट नंतर आला.

चालही त्याची नव्हती. कार्टर फॅमिलीच्या 'व्हेन द वर्ल्ड्स ऑन फायर' (१९३०) आणि त्याआधीच्या 'लिटल डार्लिंग, पाल ऑफ माइन' (१९२८) या ध्वनिमुद्रिका ऐका, लगेच ओळख पटेल. त्यांच्याही मागे बाप्टिस्ट चर्चमधलं एक भजन आहे. म्हणजे भजनाचं प्रेमगीत झालं, प्रेमगीताचं निषेधगीत झालं, निषेधगीताची शाळेतली प्रार्थना झाली आणि आता त्यावर राजकीय विडंबनं होतात. एवढा प्रवास केलेल्या चालीला आणखी एका मुक्कामाने काही होत नाही.

सहापैकी दोन कडवी शाळेच्या पुस्तकांतून गळली. एकात 'खासगी मालमत्ता' अशी पाटी लागते, पण पाटीची दुसरी बाजू कोरी असते. दुसऱ्यात चर्चच्या सावलीत, सरकारी मदत कचेरीच्या दारात भुकेली माणसं उभी आहेत आणि कवीला प्रश्न पडतो की ही जमीन खरंच सगळ्यांची आहे का. कुठलंही नवं रूप ऐकताना माझा पहिला प्रश्न असतो, ही दोन कडवी आहेत का? आवाज, वाद्यं, ताल यांचा विचार त्यानंतर.

धाग्यात दोन्ही विषय घेऊ : गाण्याची वेगवेगळी रूपं आणि या चालीवर आठवड्याचं राजकीय गाणं कसं बांधतात. रचनेची उदाहरणं द्या, नुसते दुवे नकोत.

---

तिहाई

रूपांची यादी मी सुरू करते. कडवी आहेत की नाहीत तेही लिहिते.

गथ्रीचं स्वतःचं मुद्रण १९४४ सालचं, मोझेस ॲशकडे केलेलं. १९५१ साली फोकवेज कंपनीने जे बाहेर आणलं त्यात मालमत्तेचं कडवं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं समजूत अशी की ते त्याने कधी रेकॉर्डच केलं नाही. पुढे स्मिथसोनियनच्या संग्रहात १९४४ चीच, ते कडवं असलेली तबकडी मिळाली. १९९७ च्या ॲश रेकॉर्डिंग्जच्या पहिल्या खंडात दोन्ही आहेत. लागोपाठ ऐकून बघा. गाणारा तोच, गिटार तीच, आणि एका कडव्याने गाण्याचा रोख पार बदलतो.

कॅनडातल्या द ट्रॅव्हलर्सनी १९५५ साली गावांची आणि प्रदेशांची नावं बदलून कॅनडाचं रूप केलं. तिकडे बऱ्याच लोकांना तेच मूळ वाटतं. पीटर, पॉल अँड मेरी यांचं १९६३ चं रूप तीन गळ्यांच्या सुरेख बांधणीचं, पण बोचरी कडवी गाळलेलं.

ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८० साली मैफलीत गायलेलं रूप त्याच्या १९८६ च्या लाइव्ह संचात आहे. एकटी गिटार, हार्मोनिका आणि संथ लय. शेरॉन जोन्स अँड द डॅप-किंग्ज यांचं २००५ च्या 'नॅचरली'तलं फंक रूप हे माझं सगळ्यात आवडतं. बेस आणि ब्रास पुढे, मालमत्तेचं आणि मदत कचेरीचं कडवं जागेवर. सहगानाचा गोडवा पूर्ण काढून टाकल्यामुळे शब्द नव्याने ऐकू येतात.

१८ जानेवारी २००९ ला लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पीट सीगर, त्याचा नातू टाओ आणि स्प्रिंगस्टीन यांनी गाळलेल्या कडव्यांसकट गाणं गायलं. सीगर तेव्हा ८९ वर्षांचा. तो ओळ आधी बोलून दाखवतो आणि मग समोरचा समुदाय गातो. माहीत नसलेली कडवी लाखोंच्या तोंडी घालायची तर याहून चांगली युक्ती नाही.

---

काळीपांढरी

तिहाई, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. आता चालीच्या पोटात शिरू, कारण विडंबन लिहिणारे नेमके इथेच अडखळतात.

जी पट्टीत सुरावटी (कॉर्ड) अशा : सी, जी, डी ७, जी. हेच पुन्हा एकदा. की झालं कडवं. ध्रुवपद आणि कडवं यांची चाल एकच. वेगळा अंतरा नाही.

आपल्या हिशेबाने सांगायचं तर हे केहरव्यात नीट बसतं. प्रत्येक अर्ध्या ओळीला ८ मात्रांचं एक आवर्तन. कडव्यात चार ओळी, म्हणजे आठ अर्ध्या ओळी, ६४ मात्रा. गाणं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाही, सहाव्या मात्रेवर उचल आहे. सहा, सात, आठ या मात्रांवर 'धिस लँड इज', सूर सा रे ग. समेवर 'युवर', सूर मध्यम, आणि तिथेच सी सुरावट येते. समेवर सुरू करणारा गट पहिल्याच ओळीत साथीच्या तीन मात्रा मागे पडतो. नव्या गटांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आता अक्षरं मोजा. पहिल्या ओळीच्या दोन्ही भागांत पाच-पाच. तीन उचलीची, चौथं समेवर, पाचवं त्याला टेकलेलं. तिसऱ्या ओळीत सहा-सहा. चार उचलीची, त्यातली पहिली दोन सहाव्या मात्रेत अर्धी-अर्धी बसतात. दुसऱ्या ओळीत पाच आणि सहा. पहिल्या तीन ओळींना एकच नियम : शेवटून दुसरं अक्षर समेवर. चौथी ओळ सलग आठ अक्षरांची. तिथे चौथं अक्षर एका समेवर आणि आठवं पुढच्या समेवर.

कॅनडाचं रूप इतकं सहज रुजलं त्याचं कारण इथे दिसतं. 'कॅलिफोर्निया'च्या जागी 'बोनाव्हिस्टा', 'न्यूयॉर्क आयलंड'च्या जागी 'व्हँकुव्हर आयलंड', 'रेडवुड फॉरेस्ट'च्या जागी 'आर्क्टिक सर्कल'. अक्षरसंख्या तीच, आघातही त्याच जागी. गळ्याला काही नवं शिकावंच लागत नाही.

---

शब्दखूण

काळीपांढरी यांचा हिशेब मराठीत लावून बघू. राजकारण नंतर, आधी सरळ ओळी :

ही माती तुमची, ही माती माझी

ही-मा-ती, समेवर 'तुम', मग 'ची'. पाच अक्षरं. दुसऱ्या भागात समेवर 'मा'. दोन्ही गुरू, छान बसतात. 'हा देश तुमचा' असंही सुचतं, पण तिथे अडचण आहे. बोलताना आपण 'देश' एका झटक्यात म्हणतो, गाताना मात्र 'श' मोकळा करून त्याला आठवी मात्रा द्यावी लागते. दहा माणसांत पाच जण 'देश्' म्हणतात आणि पाच 'देशऽ', आणि समेआधीच गट फाटतो. शेवटी अकार असलेला शब्द उचलीच्या तिसऱ्या जागी टाळा. माती, धरती, भूमी असे दीर्घ स्वरान्त शब्द घ्या.

दुसऱ्या ओळीला कॅलिफोर्निया ते न्यूयॉर्क हवं. आपल्याकडे त्यासाठी तयार जोडी आहे :

थेट चांद्यापासून, थेट बांद्यापर्यंत

'थेट' सहाव्या मात्रेवर एकसंध, 'चां-द्या' सात-आठवर, समेवर 'पा'. पुढच्या भागात समेवर 'पर्'. इथे 'थेट'चा 'ट' पाय मोडूनच म्हणायचा, त्यामुळे कुणी चुकत नाही.

तिसरी ओळ आधी अशी लिहून पाहिली : भाताच्या खाचरी, उसाच्या फडात. पहिला भाग ठीक, समेवर 'खाच'. दुसऱ्यात समेवर 'फ' येतो. ह्रस्व. लांबवला की 'फाडात' ऐकू येतं. कागदावर ही चूक दिसत नाही, गाताना लगेच कळते. 'उसाच्या रानी' केलं की समेवर 'रा' आणि काम झालं.

चौथी ओळ 'तुझ्यामाझ्यासाठी झाली'. अक्षरं बरोबर आठ, पण सम 'माझ्या'तल्या 'झ्या'वर पडते आणि शब्द मधोमध तुटतो. त्याऐवजी :

ही माती आहे दोघांची

समेवर 'आ', शेवटच्या समेवर 'ची'. नुसती अक्षरसंख्या जुळवून भागत नाही, शब्द कुठे सुरू होतो तेही समेशी जुळवावं लागतं.

---

ढोलकीचा_हात

शब्दखूण, 'फडात'चं उदाहरण नेमकं. साथीबद्दल थोडं.

लय मिनिटाला १५० मात्रांच्या आसपास ठेवा. ६४ मात्रांचं कडवं साधारण २५-२६ सेकंदांत होतं, पाच कडव्यांना दोन मिनिटं आणि वर थोडं. गथ्रीची लय याहून बरीच चढी आहे, पण नव्या शब्दांना ती झेपत नाही. ऐकणाऱ्याला शब्द पहिल्यांदाच कानावर पडत असतात. १२० च्या खाली गेलात तर उचलीची तीन अक्षरं लोंबतात.

ढोलकी असेल तर उचलीच्या तीन मात्रांत बोल कमी करा. तिथे शब्द पुढे पाहिजेत. समेवर भरीव 'धा' आणि बाकी आवर्तन मोकळं. विनोदाचा शब्द बहुतेक वेळा चौथ्या ओळीच्या शेवटी असतो, त्याच्या आधीच्या दोन मात्रा साथ पूर्ण थांबवा. शब्द पडला की समेवर परत या. तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) तिथे घेऊ नका. लोक हसत असतात, तिहाई ऐकूच येत नाही आणि पुढच्या कडव्याची उचल हुकते.

गिटारवाल्यांसाठी : कार्टर फॅमिलीतल्या मेबेलची पद्धत या चालीला सगळ्यात शोभते. अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची, बाकी बोटांनी बारीक तारांवर खरडून ताल. त्यासाठी जी ऐवजी सी पट्टीचे आकार घ्या (एफ, सी, जी ७, सी), चाल जाड तारांवर सापडते. गटाला पट्टी खाली वाटली तर दुसऱ्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी) लावा.

---

रविवारची_पुरवणी

इतकी बारकाई वाचून बरं वाटलं. 'आठवड्याचं' या शब्दाबद्दल लिहितो, कारण दर आठवड्याला त्याच चालीवर नवे शब्द घालणं हा स्वतंत्र प्रकार आहे.

बीबीसीवर २४ नोव्हेंबर १९६२ ला 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' सुरू झालं. निर्माता नेड शेरिन, सूत्रधार डेव्हिड फ्रॉस्ट. शीर्षकगीत मिलिसेंट मार्टिन गायची. चाल दर शनिवारी तीच, शब्द त्या आठवड्याच्या बातम्यांचे. चाल ओळखीची झाली की प्रेक्षकाचं सगळं लक्ष शब्दांकडे जातं, हे तिथे पहिल्या काही भागांतच दिसलं. १९६३ संपता संपता कार्यक्रम बंद केला, कारण १९६४ हे निवडणुकीचं वर्ष होतं. त्याच्या अमेरिकी आवृत्तीसाठी टॉम लेहररने गाणी लिहिली आणि १९६५ च्या 'दॅट वॉज द यिअर दॅट वॉज'मध्ये स्वतः गायली.

तो संच आठवड्याचं गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. काय टिकतं आणि काय आठवड्यात विरतं ते तिथे शेजारी शेजारी आहे. ह्यूबर्ट हम्फ्रीवरचं गाणं आज टीपेशिवाय कळत नाही. प्रदूषणावरचं आजही जसंच्या तसं लागू पडतं. म्हणून नियम असा करावा : बातमीतलं नाव एका कडव्यात, बातमीमागची सवय बाकीच्यांत.

---

चालकरी

@रविवारची_पुरवणी, नियमाला एक अपवाद त्याच संचात आहे. अग्निबाणतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउनवरचं गाणं पूर्णपणे एका माणसावर आहे आणि तरी ते शिळं झालेलं नाही. अग्निबाण उडवणं माझं काम, तो कुठे पडतो ते दुसऱ्या खात्याचं, ही त्यातली वृत्ती कुठल्याही कचेरीत सापडते. नाव असू द्या, पण नावाच्या मागे ओळखू येणारी वृत्ती उभी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट, लेहररने २०२० साली आपले शब्द आणि २०२२ साली चालीही सगळ्यांना मोकळ्या करून दिल्या. सरावाला त्याची गाणी घेतली तर परवानगीचा प्रश्नच येत नाही.

---

कलम_बावन्न

परवानगीचा विषय निघालाच आहे, तर या गाण्यावरचे दोन खटले माहीत असायला हवेत.

जुलै २००४ मध्ये जिबजॅब या कंपनीने, म्हणजे ग्रेग आणि इव्हान स्पिरिडेलिस या भावांनी, त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि केरी यांना याच चालीवर एकमेकांना शिव्या घालायला लावणारी कागदी कातरणांसारखी अॅनिमेशन फिल्म नेटवर टाकली. ती तुफान पसरली. गाण्याचे हक्क सांगणाऱ्या लडलो म्युझिकने कारवाईचा इशारा दिला. जिबजॅबने इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीने उलट आपणच कोर्ट गाठलं. वकिलांच्या हाती मोठा पुरावा लागला : गथ्रीने १९४५ साली गाण्याचं एक छोटं पुस्तक छापून विकलं होतं. त्या काळच्या कायद्यात मुदत २८ वर्षांची, पुढे नूतनीकरण करावं लागे. म्हणजे १९७३ पर्यंत करायला हवं होतं. प्रकाशकाने मुदत १९५६ पासून धरली होती आणि नूतनीकरण १९८४ साली केलं होतं. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, फिल्म राहिली, पण गाणं मोकळं आहे की नाही यावर निकाल लागला नाही. २०१६ साली एका बँडने पुन्हा दावा लावला. प्रकाशकाने आम्ही तुमच्यावर खटला भरणार नाही असं लिहून दिलं आणि २०२० साली दावा निकाली निघाला. मूळ प्रश्न तसाच राहिला.

व्यवहारात काय करायचं? अमेरिकेत १९९४ च्या कॅम्पबेल विरुद्ध अॅकफ-रोज निकालाने फरक स्पष्ट केला. मूळ गाण्यावरच भाष्य करणारं विडंबन बरंच सुरक्षित. मूळ गाण्याचा नुसता वाहन म्हणून वापर करून तिसऱ्याच गोष्टीवर टीका केली तर बाजू लंगडी पडते. जिबजॅबच्या बाजूचा युक्तिवाद हाच होता की गाणं एकोप्याचं आणि फिल्म फुटलेल्या देशाची, म्हणजे ते मूळ गाण्यावरचंच भाष्य आहे. लिहिताना एक कडवं तरी मूळ गाण्याशी बोलणारं ठेवा. कायद्यालाही बरं आणि गाण्यालाही.

भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी सूट आहे, 'विडंबन' असा शब्द मात्र नाही. कलम ३१ सी खालचा कव्हरचा (तेच गाणं पुन्हा गाऊन मुद्रित करण्याचा) परवाना शब्द बदलायला चालत नाही. सर्वसाधारण मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गथ्री ३ ऑक्टोबर १९६७ ला गेला, म्हणजे त्या हिशेबाने २०२७ अखेर.

आणि युट्यूबवर टाकणार असाल तर साथ स्वतः वाजवा. तयार कराओके ट्रॅक वापरला की त्या ट्रॅकच्या मालकाचा दावा आपोआप लागतो, शब्द कितीही नवे असोत. आक्षेप नोंदवता येतो, पण समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तोवर आठवड्याचा विनोद संपलेला असतो.

---

मेळा_पद

'चाल वापरणं म्हणजे मूळ गाण्याचा अपमान' हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. गणेशोत्सवातल्या मेळ्यांची पदं गाजलेल्या नाट्यपदांच्या चालींवर असत. वर 'चाल :' लिहायचं, खाली नवे शब्द. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' घ्या. छक्कड आहे, विरहाची भाषा आहे, आणि पोटात संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न आहे.

एक फरक मात्र पाळायला हवा. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मधलं (१९२५) विडंबन हे मूळ कवितेच्या शैलीवरच नेम धरतं. मेळ्याचं पद चाल फक्त उसनी घेतं. कलम_बावन्न यांनी सांगितलेला अमेरिकी कोर्टातला भेद जवळजवळ हाच आहे.

अमेरिकेत मेळ्याच्या सगळ्यात जवळ जातात ते आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या संघटनेचे कामगार. रस्त्यावर कामगारांची सभा सुरू झाली की साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचा बँड येऊन भजनं वाजवायचा आणि वक्त्याचा आवाज बुडवायचा. कामगारांनी त्याच भजनांच्या चालींवर आपले शब्द लिहिले. आता बँड वाजला की त्यांना साथ मिळायची. १९०९ पासून त्यांची लाल रंगाची छोटी गाण्यांची पुस्तकं निघत. जो हिलचं 'द प्रीचर अँड द स्लेव्ह' (१९११) त्यातलंच. मेल्यावर मिळणाऱ्या सुखाचं आश्वासन देणाऱ्या भजनाच्या चालीवर, आज पोटाला काय असा प्रश्न. गथ्री या परंपरेतला आहे.

---

तिहाई

मेळा_पद, त्यात भर. गथ्रीने स्वतःच्या गाण्याचंही असं रूप केलं. 'आय एन्ट गॉट नो होम' हे मुळात 'धिस वर्ल्ड इज नॉट माय होम' या भजनाला दिलेलं उत्तर. डिसेंबर १९५० मध्ये तो ब्रुकलिनच्या बीच हेवन वसाहतीत भाड्याने राहायला गेला. मालक फ्रेड ट्रम्प. तिथे कृष्णवर्णीयांना जागा मिळत नाही हे पाहून त्याने वहीत त्याच गाण्याचे शब्द बीच हेवनसाठी बदलले आणि 'ओल्ड मॅन ट्रम्प' म्हणून ओळखले जाणारे शब्दही लिहिले. विल कॉफमन या अभ्यासकाला ते टल्साच्या गथ्री संग्रहात सापडले, आणि २०१६ साली, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, रायन हार्वेने अॅनी डिफ्रँको आणि टॉम मोरेलो यांच्यासोबत ते गाऊन रेकॉर्ड केले.

आठवड्याच्या राजकीय गाण्यात दुर्मिळ असलेला गुण या शब्दांत आहे. वसाहतीचं नाव, मालकाचं नाव, भाडं, कुणाला दार बंद आहे ते. विशेषणं जवळजवळ नाहीत.

---

परदेशी_पाखरू

प्रश्न आहे. इथे अमेरिकेत शाळांत मुलं ध्रुवपद आणि तीन कडवी शिकतात. मराठी शाळेच्या कार्यक्रमासाठी हे गाणं बसवायचं असेल तर 'ही जमीन तुझी-माझी' म्हणताना मूळनिवासींचा विषय कसा हाताळावा? लेडी गागाने २०१७ च्या सुपर बोलमध्ये 'गॉड ब्लेस अमेरिका'ला जोडून हे गायलं, जेनिफर लोपेझने २०२१ च्या शपथविधीत गायलं. दोन्ही वेळा हाच आक्षेप वाचण्यात आला.

---

चालकरी

@परदेशी_पाखरू, आक्षेप खरा आहे आणि तो टाळून जाऊ नये. अबेनाकी या मूळनिवासी समाजातल्या संगीतकार माली ओबोमसाविन यांनी २०१९ साली यावर सविस्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की 'तुझी-माझी' म्हणणाऱ्यांत ज्यांची जमीन होती तेच नाहीत, आणि निषेधाची कडवी परत आणली तरी ही उणीव भरत नाही. गंमत म्हणजे जिबजॅबच्या फिल्ममध्येही एक मूळनिवासी पात्र मध्येच येऊन ही जमीन आमची होती असं सांगतं. २००४ च्या त्या दोन मिनिटांत पोटात गोळा आणणारी जागा तीच आहे, हसू तिथे अडकतं.

बसवताना एक करता येईल. मदत कचेरीचं कडवं घ्या, ते प्रश्नावर संपतं. त्यानंतर ध्रुवपद लगेच गाऊ नका. एक पूर्ण आवर्तन, आठ मात्रा, फक्त ताल राहू द्या. मग तुमच्या शाळेचं गाव ज्या मूळनिवासींच्या जमिनीवर आहे त्या लोकांचं नाव एका मुलाने बोलायचं, गायचं नाही. नाव त्यांच्या स्वतःच्या उच्चारात, आधी विचारून घेतलेलं. आणि मग ध्रुवपद.

---

काळीपांढरी

चालकरी, फक्त तालाचं आवर्तन एकाऐवजी दोन ठेवा. पहिल्या आठ मात्रांत मुलांना वाटतं कुणीतरी विसरलं आणि ती उचल घेऊन मोकळी होतात. दुसरं आवर्तन ठरलेलं असेल तर त्याच्या पहिल्या पाच मात्रांत नाव बोलून होतं आणि सहाव्या मात्रेवर सगळ्यांची उचल एकत्र येते. नाव लांब असेल तर बोलणाऱ्याला पहिल्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर सुरू करू द्या.

---

शब्दखूण

पुढच्या रविवारपर्यंत इथे प्रत्येकाने एक कडवं टाकावं असं सुचवते. विषय त्या आठवड्याच्या बातमीतला, कुठल्याही देशातला. चौथी ओळ आधी लिहा, मग वरच्या तीन तिच्याकडे उतरत्या करा. समेवरची अक्षरं ठळक करा, म्हणजे तपासता येईल. माझं रविवारी सकाळी टाकते, खड्ड्यांवरचं आहे, फक्त तिसऱ्या ओळीत समेवर अजून एक ह्रस्व अडकलंय.